कारभाऱ्याच्या खोडी

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर पाळत ठेवू लागला. गुरूने शिष्याची परीक्षा पाहावी हा जगाचा रिवाज. इथे मामला नेमका उलटा होता. आणि नवल असे की गुरूला ते ठाऊक होते, तरी त्यांनी त्याला कधी हटकले नाही.

गुरू वृद्ध होते. घाटाच्या पायथ्याशी, जिथे पूर्वी बैलांचे तांडे मुक्काम करीत, तिथल्या जुन्या धर्मशाळेत ते राहत. लोक त्यांना नुसते 'बाबा' म्हणत. प्रवचन ते क्वचितच करीत, त्यांचा खरा उद्योग निराळा होता. मालक मेलेली, मालकाने टाकलेली, कळप विकला गेल्यामुळे बिनकामाची झालेली थोराड कुत्री त्यांच्या अंगणात येऊन पडत, आणि बाबा त्यांना नवी घरे पाहून देत.

पिल्लाला घर पाहून द्यावे लागत नाही. पिल्लू दिसले की हात आपोआप पुढे होतात, पोरे हट्ट धरतात, दुधाची वाटी येते. पण चार पावसाळे पाहिलेले, कान फाटलेले, पाहुण्याकडे डोळे बारीक करून बघणारे कुत्रे समोर आले की माणसांना सबबी सुचू लागतात. 'आता याला नवे वळण कसे लागायचे?' असे ज्यांनी म्हणावे, त्यांना स्वतःला पन्नाशी उलटली तरी कसलेच वळण लागलेले नसते. पण ते असो.

आपला शिष्यही थोराडच होता. दाढीत पांढरे केस दिसू लागल्यावर तो बाबांकडे आला. त्याआधी तो एका मोठ्या मठात होता. तिथले स्वामी मधाळ बोलत. 'वत्सा' अशी हाक आली की शिष्य शेत नांगरी, विहीर उपसे, लाकडे फोडी. पुढे तो तापाने अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याच स्वामींनी 'ईश्वरेच्छा' असा एक शब्द उच्चारला आणि त्याला उचलून मठाच्या दाराबाहेर ठेवण्यात आले. ताप उतरला, पण मनात जे बसले ते उतरले नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसा तो बाबांचा प्रत्येक शब्द फुंकून घेत असे.

अंगणाच्या दाराशी, भिंतीला पाठ लावून तो जेवे. आपले गाठोडे त्याने आल्या दिवसापासून सोडले नव्हते. रात्री तेच उशाला घेई. केव्हा उठून चालते व्हावे लागेल याचा नेम नाही, असा त्याचा हिशेब. बाबांनी त्याला कुठून आलास, का आलास, एवढेही विचारले नव्हते. शिष्याला त्याचाच अधिक संशय येई. ज्याला काही लपवायचे असते तोच दुसऱ्याला काही विचारत नाही, असे त्याने ठरवून टाकले होते.

त्याच हंगामात कारभारी आला. एका म्हाताऱ्या मेंढपाळाचे ते कुत्रे, मोठ्या हाडापेराचे, राखी रंगाचे. मेंढपाळ गेला, मुलांनी मेंढरे विकली, आणि मेंढरेच नाहीत तर राखणदार कशाला म्हणून याला घाटाखाली सोडून ती आपापल्या वाटेने गेली. कुत्र्याला मात्र काम सुटले हे कळले नव्हते. संध्याकाळी अंगणातली बाकीची कुत्री, दोन शेळ्या, एखादा वाटसरू असे जे कोणी इकडेतिकडे दिसे त्याला मागून नाकाने ढोसत तो आत आणी आणि सगळे आत आल्याची खात्री झाल्यावरच दारात बसे. त्याचे हे नाव जुन्या धन्यानेच ठेवलेले होते, आणि ते त्याला शोभत होते.

कारभारी कोणासमोर खात नसे. भाकरी पुढे टाकली की तोंडात धरून परसातल्या कोपऱ्यात नेई, भिंतीला पाठ लावून बसे आणि मग खाई. धर्मशाळेत टेकलेले वाटसरू हसत. शिष्य हसत नसे. कुत्रे रात्री त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर झोपू लागले. त्याने त्याला कधी जवळ घेतले नाही, कुत्र्यानेही अंगाला अंग लावले नाही. पण एखाद्या रात्री ते तिथे नसले तर शिष्याला झोप लागत नसे. त्याचा जीव त्या कुत्र्यावर जडला होता, आणि कबूल मात्र तो स्वतःशीही करीत नव्हता.

एके दिवशी गुळाचा एक व्यापारी बैलगाडीतून आला. अंगणात पाय ठेवताच त्याने बाबांना वाकून नमस्कार केला. कारभाऱ्याला पाहून तो म्हणाला, "वा, काय जनावर आहे! महाराज, हे मला द्या. गोदामाच्या दाराशी राजासारखं ठेवीन. दूधभात घालीन."

कुत्रे मागायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा एकच प्रश्न करीत. तोच त्यांनी केला. "आपल्याला याच्याबद्दल काही विचारायचं आहे का?"

"छे छे, महाराज! आपल्या दारातलं कुत्रं म्हणजे प्रसादच. त्यात विचारायचं काय?"

"मग आपण ताक घ्या आणि सुखाने जा," बाबा म्हणाले. "कुत्रा मिळणार नाही."

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. शिष्याने कपाळाला आठी घातली. दूधभात सोडून म्हाताऱ्याला आणखी हवे तरी काय? की भाव वाढवायचा आहे?

पुढे आठवडाभरात कुंभारवाड्यातली एक बाई आली. एकटी, विधवा, हातांना कोपरापर्यंत माती. तिने नमस्कार केला नाही. दारातच उभी राहून तिने कारभाऱ्याकडे, मग शिष्याकडे, मग बाबांकडे सारख्याच अविश्वासाने पाहिले.

"काही विचारायचं आहे का?" बाबांनी विचारले.

"लई विचारायचंय. चावतंय का?"

"मानेला धरलं तर चावतो."

"आधीच्या धन्यानं का टाकलं? काय तरी खोड असंल."

"धनी मेला. खोडी आहेत, पण त्या टाकण्याजोग्या नाहीत. मेंढरं रस्त्याने गेली की हा दिवसभर रडतो. थंडीत मागचा पाय ओढतो. कोणासमोर खात नाही. आणि घरात आलेल्या माणसाला जाऊ देत नाही, ढोसून परत आणतो."

"मंग असलं नग माझ्याच गळ्यात का मारताय? मी चाकावर बसले की शेरडं येत्यात, ओल्या मडक्यांवरनं उड्या मारत्यात. समद्या मालाचा चिखल व्हतो. मला शेरडं वळवणारं पायजे, रडणारं न्हाई."

"हा वळवतो. आयुष्यभर त्याने तेच केलं आहे."

"नाव काय?"

"कारभारी."

बाईने हातावरची वाळलेली माती खरवडली. मग एकदम चिडून म्हणाली, "मी माझ्या मालकाला कारभारी म्हनायची. आता कुत्र्याला म्हनू व्हय?"

"त्याच्या जुन्या घरातलं तेवढंच त्याच्यापाशी उरलं आहे, बाई. ते बदलू नये, एवढंच माझं म्हणणं."

ती पाय आपटीत निघून गेली. बाबा मात्र संध्याकाळपर्यंत प्रसन्न होते, आणि शिष्याला ते अजिबात उमगेना. दुसऱ्या दिवशी बाई स्वतःची दोरी घेऊन आली. "नीट ऱ्हायला न्हाई तर परत आणून हितंच बांधीन. आधीच सांगून ठिवते."

"अवश्य," बाबा म्हणाले.

शिष्याने दोरी कारभाऱ्याच्या गळ्यात सैल बांधली.  बाबा येतील, कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवतील, एखादा शब्द बोलतील, असे त्याला वाटले. पण बाबा उठले, आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतले. कुत्रे वळून वळून त्या दाराकडे पाहत बाईमागून गेले.  शिष्याला मठाचे दार आठवले. गोड बोलून टाकणारा एक पाहिला होता, आता न बोलता टाकणारा पाहिला, एवढाच काय तो फरक, असे त्याने मनाशी म्हटले. त्या रात्री त्याने गाठोड्याची गाठ आणखी आवळली.

तो लगेच गेला नाही, कारण त्याला खात्री करून घ्यायची होती. लवकरच त्याला दिसले की भर दुपारी, सगळे आडवे झाले की, बाबा फडक्यात भाकरी बांधून कोणाला न सांगता बाहेर पडतात आणि उन्हे कलल्यावर परततात. फडके रिकामे, धोतर गुडघ्यापर्यंत ओले, पाय चिखलाने भरलेले. अशातच घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुळाच्या व्यापाऱ्याची गाडी त्याच्या नजरेस पडली. झाले! शिष्याच्या मनात सगळे तुकडे खटाखट जुळले. बाई नुसती पुढे केलेली. कुत्रे केव्हाच गोदामाच्या साखळीला बांधले गेले असणार, आणि म्हातारा दुपारी व्यापाऱ्याला चोरून भेटत असणार. संशयाचे हेच सोयीचे असते, त्याला कोणतीही दोन टोके जोडता येतात.

एका दुपारी तो बाबांच्या मागोमाग निघाला. चोरी डोळ्यांनी बघायची, तोंडावर थुंकायचे आणि गाठोडे उचलून चालू लागायचे, असे त्याने ठरवले होते.

बाबा कुंभारवाड्याच्या दिशेला वळले, पण पायवाटेने गेले नाहीत. चांगली कोरडी पायवाट सोडून हा म्हातारा ओढ्यात उतरला आणि काठी टेकीत पाण्यातूनच चालू लागला. शिष्य पायवाटेनेच गेला. पुढे बाबा ओढ्यातून वर आले, बोट ओले करून वारा कुठला आहे ते पाहिले आणि लांबचा वळसा घालून एका निवडुंगाच्या कुंपणामागे जाऊन बसले. कुंपणापलीकडे त्या बाईचे अंगण होते. बाबांनी निवडुंगाच्या फटीला डोळा लावला.

शिष्याला राहवले नाही. तो तसाच त्यांच्यापाशी जाऊन उभा राहिला. "पकडलं तुम्हाला, बाबा."

बाबा दचकले नाहीत. त्यांनी ओठांवर बोट ठेवले आणि त्याला हाताला धरून खाली बसवले. "आधी बघ. मग काय बोलायचं ते बोल."

शिष्याने फटीतून पाहिले. अंगणभर ओली मडकी उन्हात मांडलेली होती. बाई चाकावर होती. आणि दूर, भिंतीला पाठ लावून, कारभारी बसला होता. त्याच्या गळ्यात साखळी नव्हती, दोरीही नव्हती.

बाईने हात न धुताच टोपलीतली भाकरी काढून त्याच्यापुढे ठेवली आणि त्याच्याकडे पाठ करून पुन्हा चाकावर बसली. तिची बडबड मात्र चालू होती. "घ्या. खा न्हाई तर नका खाऊ. मी बघत न्हाई. कुनाला पडलीय तुमची?"

कारभाऱ्याने भाकरी तोंडात धरली आणि तो कोपऱ्याकडे निघाला. बाबांनी श्वास रोखून धरला. अर्ध्या वाटेत कुत्रे थांबले. त्याने वळून बाईच्या पाठीकडे बराच वेळ पाहिले. मग ते परत आले, चाकापासून हातभर अंतरावर बसले आणि तिथेच भाकरी खाऊ लागले.

बाबांच्या दाढीत आसवे उतरली. त्यांनी ती पुसली नाहीत. फडक्यातली भाकरी तशीच मांडीवर होती. "उपाशी राहिला असता तर ही कुंपणाखालून सरकवायची," ते पुटपुटले. "रोज तेच करत होतो. आज नको लागली."

शिष्य काही बोलणार तोच वारा फिरला. कारभाऱ्याने मान वर केली, नाक हवेत धरले आणि जमीन हुंगत तो थेट कुंपणाच्या दिशेने येऊ लागला. बाबांचा चेहरा पडला. "तू ओढ्यातून आलास का?"

"नाही. पायवाटेने."

"मग तुझा वास पायवाटेपासून इथवर आला आहे." बाबांनी डोळे मिटले. "इतक्यात आपण दिसलो तर तो आपल्याबरोबर परत येईल. इथलं जे आत्ता कुठे जमतंय ते मोडेल."

 पकडायला आलेला शिष्य, आणि घात त्याच्याच हातून होत होता. कुत्रे कुंपणाच्या भगदाडातून बाहेर आले, त्याला पाहून सगळे अंग हलवीत आले, आणि आजवर कधी केले नव्हते ते त्याने केले. आपले डोके शिष्याच्या गुडघ्यावर टेकवले. शिष्याचा हात आपोआप उचलला गेला. हे कुत्रे घेऊन आत्ता, याच पावली, दूर निघून जावे असे त्याला फार फार वाटले. गाठोडे तर बांधलेलेच होते.

तेवढ्यात चाकाची घरघर थांबली. अंगणातून हाक आली. आधी नुसतेच "अवो!" मग थोडे थांबून, आवाज चढवून, "अवो, ऐकलं का?" आणि मग, कितीतरी दिवस तोंडात अडकलेला शब्द सुटावा तशी ती म्हणाली, "कारभारी! कुठं निघालात?"

कुत्र्याचे कान उभे राहिले. त्याने बाईच्या दिशेने पाहिले, शिष्याकडे पाहिले. शिष्याने उचललेला हात मागे घेऊन स्वतःच्या काखेत दाबून धरला. ते त्याला किती जड गेले ते त्याचे त्यालाच ठाऊक. कारभारी उठला, पण सरळ अंगणात गेला नाही. तो वळसा घालून दोघांच्या मागे आला आणि नाकाने त्यांच्या पोटऱ्यांना ढोसू लागला. आधी बाबांना, मग शिष्याला. त्याचे माणूस तिथे आत होते, आणि ही दोन म्हातारी मेंढरे बाहेर भरकटलेली होती. ती आत घ्यायलाच हवीत, यात त्याला शंका नव्हती. गुरू आणि शिष्य निवडुंगाचे काटे चुकवीत अंगणात हाकले गेले.

बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "माझ्यावर पाळत ठिवता व्हय?"

"होय, बाई," बाबा म्हणाले. "माझा तुमच्यावर पुरता विश्वास नव्हता."

"बरं केलं," बाई म्हणाली. "कुत्रं न्यायच्या आदी मीबी तुमच्या भिंतीआड येऊन बघून गेल्ते, मारताय का काय ते. आता आलाच हाय तर पानी पिऊन जा. आन पुन्हा चोरावानी येऊ नका, दारानं या."

परतताना दोघे पायवाटेने चालले. कुंभारवाडा मागे पडला. शेवटी शिष्य म्हणाला, "तुम्ही व्यापाऱ्याला नाही म्हणालात आणि या बाईला हो म्हणालात. तेव्हापासून मला वाटलं, यात काहीतरी काळंबेरं आहे."

बाबा म्हणाले, "व्यापाऱ्याने काहीच विचारलं नाही. जो काही विचारत नाही त्याच्या मनात आधीच एक कुत्रा तयार असतो. समोरचा तसा निघाला नाही की तो त्याला टाकतो. बाईने खोडी विचारल्या, ऐकल्या, रागावली, आणि तरी आली. पिल्लाला माया पुरते. थोराड जीव आपलं मागचं सगळं घेऊन दारात येतो. तो संशयी असतो, आणि त्याच्या संशयाला कारण असतं. त्याला घर द्यायचं तर घर देणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवून यावं लागतं. मी स्वतः संशयी माणूस आहे. म्हणून तर पाण्यातून चालतो."

"मग मला हे आधी का सांगितलं नाहीत?"

"तू विचारलं नाहीस. तू नुसता पाहत राहिलास. संशय येणं वाईट नाही रे. तो मनात कुजत ठेवणं वाईट. तुझं गाठोडं मला पहिल्या दिवसापासून दिसतं आहे. 'ते सोड' असं मी कधी म्हटलं नाही, जसं कारभाऱ्याला कोपऱ्यात जाऊ नकोस म्हटलं नाही. पण तू कधीतरी काही विचारशील म्हणून मी वाट पाहतो आहे."

शिष्य चालता चालता थांबला.  मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा एका गुरूला त्याच्याविषयीच सरळ प्रश्न विचारला.

"बाबा, तुमच्या खोडी काय आहेत?"

बाबांचा चेहरा उजळला. "मला गोड फार आवडतं, आणि मी ते चोरून खातो. सांगायच्या गोष्टी मी वेळेवर सांगत नाही. राग आला की दोन-दोन दिवस बोलत नाही. आणि मला निरोप देता येत नाही. रडू फुटतं, आणि मी रडलो की जाणाऱ्या जनावराचे पाय अडखळतात. म्हणून मी आत जाऊन दार लावून घेतो. ते बाहेरून फार वाईट दिसत असेल."

"फारच वाईट दिसतं," शिष्य म्हणाला.

"आणि तुझ्या?"

शिष्याने थोडा विचार केला. "मानेला धरलं तर चावतो," तो म्हणाला, आणि दोघेही रस्त्यातच थांबून हसले.

त्या संध्याकाळी जेवणाची वेळ झाली तेव्हा शिष्याने आपले ताट दाराशी नेले, तिथे क्षणभर तो उभा राहिला, आणि ताट घेऊन परत येऊन बाबांपासून हातभर अंतरावर बसला. बाबांनी वर पाहिले नाही. ते मुकाट्याने आपली भाकरी मोडत राहिले.

जेवण झाल्यावर त्याने गाठोडे पुढ्यात ओढले. गाठ इतकी घट्ट बसली होती की ती बोटांना दाद देईना. शेवटी त्याने ती दातांनी सोडवली.